२८ घाण्यांचा हिशेब: सोलापुरातल्या एका डाइंग खात्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा टेरी टॉवेलचा कारखाना. नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन बारीक गोष्टी बदलल्या आहेत, पण निर्णय ज्या क्रमानं झाले तो क्रम तसाच ठेवला आहे. कामगार सत्तरच्या आसपास, निम्मे घरी तेलुगू बोलणारे, बाकीचे मराठी आणि थोडे कन्नड. पुढच्या शेडमध्ये माग, मागच्या शेडमध्ये डाइंग, मध्ये शिवण आणि पॅकिंग. मालक स्वतः मागावर वाढलेला माणूस. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आला नाही तर आजही पाना हातात घेतो. सगळे त्याला अण्णा म्हणतात.

मी वर्षातून दोनदा तिथं सुरक्षेची पाहणी करायला जायचो. घटना घडायच्या आठ महिने आधीही गेलो होतो. ते पुढे येईलच, कारण या प्रकरणात माझाही एक हिस्सा आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

डाइंग खात्यात सुताच्या लडी रंगवून झाल्या की त्यातलं पाणी काढायला ‘हायड्रो’त टाकतात. हायड्रो म्हणजे हायड्रो एक्स्ट्रॅक्टर: तीन पायांवर टांगलेलं गोल पिंप, त्यात भोकं असलेली स्टीलची टोपली, वर झाकण. टोपली गरगरा फिरते, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. घरच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर डोळ्यांसमोर आणा आणि तो माणसाच्या कमरेएवढा उंच आणि चार फूट रुंद करा. या टोपलीचा व्यास ४८ इंच, वेग मिनिटाला ९०० फेरे. हिशेब केला तर टोपलीचा काठ ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगानं पळतो. पुणे हायवेवरची कुठलीही गाडी त्याच्यापुढे हळूच.

(एक गंमत, जी गंमत नाही. डाइंग खात्यात ‘हायड्रोस’ नावाची पांढरी पावडरही असते, सोडियम हायड्रोसल्फाइट. व्हॅट रंगांना लागते. तिला ओल लागली की ती तापते, झोंबणारा वायू सोडते आणि स्वतःहून पेटू शकते. ‘हायड्रोकडं पाणी गेलंय’ असं कुणी ओरडलं तर मशीनकडं पळायचं की डब्याकडं, हे आवाजावरून ठरवावं लागतं. या कारखान्यात तो डबा हायड्रो मशीनपासून चार पावलांवर, ओल्या फरशीवर ठेवलेला होता. पाहणीत तो सापडला आणि त्याच दिवशी कोरड्या खोलीत, फळीवर गेला. एवढं सोपं काम त्या महिन्यात दुसरं कुठलंच नव्हतं.)

घटना

एप्रिल २०२४. दुपारची पाळी. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि डाइंग खात्यात वाफेमुळं आणखी भर. हायड्रोवर काम करणारा तिशीतला माणूस, सात वर्षांचा अनुभव. गळ्यात ओला गमछा. घाणा, म्हणजे टोपलीत एका वेळी घातलेल्या लडी, फिरून झाला, त्यानं मोटर बंद केली, झाकण उघडलं. टोपली अजून फिरत होती. नेहमीप्रमाणं त्यानं जुन्या टॉवेलची घडी घेतली आणि टोपलीच्या काठावर दाबली, लवकर थांबावी म्हणून.

घडी भोकात अडकली. टॉवेल मनगटाभोवती गुंडाळला गेला आणि टोपलीनं हात आत ओढला. वेग तोवर पाव उरला असेल, म्हणजे काठ तरी ताशी पन्नासच्या घरात. माणूस पिंपाच्या कडेवर आदळला, हात पुढच्या अर्ध्या फेऱ्यात सुटला. ड्रायरवरचा पोरगा धावत आला आणि भिंतीवरचं लाल बटण दाबत राहिला. मोटर तर आधीच बंद होती. लाल बटणानं थांबवण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.

मनगटावरचं हाड मोडलं, खांदा निखळला, दंडाची कातडी सोलली. गमछा टोपलीत सापडला. तो गळ्यात गाठ मारून बांधलेला नव्हता, नुसता टाकलेला होता. हा एक योगायोग.

पहिले दोन दिवस

जखमीला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी अण्णांचा मला फोन आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “सर, घरातलाच पोरगा आहे. दवाखाना मी बघतो, पगार चालू ठेवतो. कागदावर आणलं तर इन्स्पेक्टर, नोटीस, सगळं मागं लागंल. ‘घरी जिन्यावरून पडला’ म्हणून घालू या का?”

अण्णा हे वाईट हेतूनं बोलत नव्हते. पगार त्यांनी दिलाही असता. पण निर्णयाची ही पहिली जागा होती, आणि इथं माझ्यापाशी आकडे होते ते मी मांडले. कामावरचा अपघात म्हणून नोंद झाली तर ईएसआयकडून तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतो. साध्या आजारपणाचा लाभ ७० टक्के, तोही वर्षात ९१ दिवसांपुरता. ही झाली आजची गोष्ट. उद्याची आणखी मोठी: मनगट पूर्वीसारखं वळलं नाही, पकड कमी पडली, तर कायमच्या अपंगत्वाचा दावा वैद्यकीय मंडळापुढं जातो. त्या दाव्याला अपघाताचा कागद लागतो. जिन्यावरून पडलेल्या माणसाला तो मिळत नाही. पगार देणारा अण्णा उद्या नसला, कारखाना विकला गेला, तर त्या माणसाच्या हातात काय?

कायद्याचंही होतंच. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ८८ खाली, अपघातामुळं कामगार ४८ तास किंवा जास्त काम करू शकला नाही तर कळवणं बंधनकारक होतं. पण खरं सांगायचं तर कायद्याच्या कलमानं अण्णा वळले नाहीत, ९० आणि ७० मधल्या फरकानं वळले. दुसऱ्या दिवशी ईएसआयला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला दोन्हीकडं कळवलं.

खरी अडचण काय होती

तिसऱ्या दिवशी मशीनपाशी उभं राहिलो. अण्णा, डाइंग मास्तर, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, मुकादम आणि मी. प्रत्येकानं आपापलं निदान आधीच करून ठेवलेलं. मास्तर म्हणाले, “निष्काळजीपणा. शंभरदा सांगितलंय.” मुकादम म्हणाला, “गमछा.” इलेक्ट्रिशियन काही बोलला नाही, आणि त्याच्या गप्प राहण्याकडं आधी लक्ष द्यायला हवं होतं.

झाकणाला लिमिट स्विच होता. झाकण उघडलं की मोटर बंद व्हावी यासाठी. पॅनेल उघडलं तर त्या स्विचच्या दोन वायरी पिळून एकत्र केलेल्या, वर काळी टेप. इलेक्ट्रिशियनच्या भाषेत ‘डायरेक्ट’ केलेलं. तीन पावसाळ्यांपूर्वी वाफेनं स्विच गंजला, मशीन मध्येच बंद पडायला लागलं. ऑर्डर निघायची होती, तेव्हा रात्री डायरेक्ट केलं. नवा स्विच आणायचा होता. नंतर कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण मशीन छान चालत होतं. त्याची नोंद कुठंच नव्हती. वहीत तर नाहीच, बोलण्यातही नाही.

सगळ्यांना वाटलं, सापडलं कारण. स्विच जोडा, विषय संपला.

इथं मी थांबायला सांगितलं. कारण स्विच चालू असता तरी काय झालं असतं? झाकण उघडताच मोटर बंद. पण अपघाताच्या वेळी मोटर बंदच होती! तो स्विच वीज तोडतो, टोपली थांबवत नाही आणि झाकणही अडवत नाही. म्हणजे ज्या दोषाकडं सगळे बोट दाखवत होते तो खराच दोष होता, दुरुस्त करायलाच हवा होता, पण हा अपघात त्यानं झालेला नव्हता.

मग मी हायड्रोवर काम करणाऱ्या दुसऱ्या पाळीच्या माणसाला विचारलं. “मशीन धोक्याचं आहे का?” असं विचारलं नाही. त्याला कुणी ‘हो’ म्हणत नाही. “टोपली थांबायला किती वेळ लागतो?” असं विचारलं.

“लई वेळ साहेब. ब्रेक काय धरत नाही. फडकं नाही लावलं तर बिडी ओढून होती.”

स्टॉपवॉच लावलं. मोटर बंद केली, पायातला ब्रेक पूर्ण दाबला. चार मिनिटं पन्नास सेकंद. ब्रेकच्या पट्ट्याचं लायनिंग पार घासून गेलेलं, पत्रा पत्र्यावर घासत होता.

आणि मग मास्तरांची वही मागवली. रोजच्या घाण्यांची. प्रत्येक पाळीला २८, कधी २७, कधी २९. वर्षभर.

त्या वहीवर बसून जो हिशेब केला तोच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर देतो. टोपली भरायला ४ मिनिटं. फिरायला ८. काढायला ४. थांबायला ५. एकूण २१ मिनिटांचा घाणा. पाळी आठ तासांची, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वगळून ४५० मिनिटं. ४५० भागिले २१ म्हणजे २१ घाणे. वहीत २८. म्हणजे एका घाण्याला १६ मिनिटं. मधली पाच मिनिटं कुठं गेली? ती टॉवेलच्या घडीनं खाल्ली होती. फिरती टोपली हातानं थांबवल्याशिवाय २८ घाणे निघूच शकत नव्हते. मास्तर ‘शंभरदा सांगितलंय’ म्हणत होते आणि त्याच तोंडानं रोज २८ वर सही करत होते. त्यांनाही ते दिसलेलं नव्हतं. मलाही दिसलं नसतं, कारण वही उत्पादनाची असते. सुरक्षेच्या पाहणीत ती कुणी मागत नाही.

त्यात भर म्हणजे २२ घाण्यांच्या वर प्रत्येक घाण्याला हायड्रोवाल्याला जादा पैसे होते. नियमानं काम करणाऱ्याला ते पैसे कधी मिळणारच नव्हते.

फेब्रुवारीतलं एक प्रकरणही याच वेळी बाहेर आलं. रात्रपाळीत एकाच्या हातातली घडी टोपलीनं हिसकावली, चिंध्या होऊन पिंपातून निघाल्या. हाताला काही झालं नाही. पोरं हसली. ‘वाचला बे’ म्हणून चहा झाला. ही बातमी मुकादमापर्यंत गेली होती, पुढं नाही.

पर्याय

अण्णांनी पहिल्याच दिवशी बाजारातून कापडी हातमोज्यांचे दोन डझन जोड आणले होते. मनापासून आणले होते. फिरणाऱ्या यंत्रापाशी कापडी मोजा म्हणजे त्या टॉवेलच्या घडीचाच भाऊ, तोही बोटांना घट्ट बसलेला. मोजे परत पाठवले. अण्णांच्या चेहऱ्यावर नाराजी होती आणि मला ती समजते. माणूस काहीतरी करू पाहतोय आणि आपण ‘नको’ म्हणतोय.

मग फळ्यावर पर्याय लिहिले.

नवं मशीन घ्यायचं, ज्यात सगळी कुलुपं आतूनच आहेत. भाव पाच-सहा लाखांच्या पुढं, यायला तीन-चार महिने. तोवर काय? पर्याय चांगला, पण आजच्या प्रश्नाला उत्तर नाही.

पाट्या, सूचना, मेमो. मशीनवर आधीपासून इंग्रजीत धोक्याची पाटी होतीच, तिच्यावर निळ्या रंगाचे थर चढलेले. पाटीवर कुणी फार वेळ घालवला नाही.

झाकणाला टायमर. मोटर बंद झाल्यावर पाच मिनिटं झाकण उघडणार नाही. स्वस्त. मास्तरांना पसंत. मी विरोध केला. ब्रेक दुरुस्त झाला आणि टोपली मिनिटात थांबली, तर उरलेली चार मिनिटं थांबलेल्या टोपलीपुढं माणूस उभा राहणार. तो पहिल्या आठवड्यात टायमर डायरेक्ट करणार. मीही त्याच्या जागी असतो तर केला असता.

ब्रेकचं लायनिंग नवं, आणि सोबत टोपलीचा वेग ओळखणारं कुलूप. टोपलीच्या दांड्यापाशी सेन्सर, तो फेरे मोजतो. फेरे शून्य झाले तरच झाकणाची खिट्टी सुटते. एमआयडीसीतल्याच एका फॅब्रिकेटरनं आणि एका पॅनेलवाल्यानं मिळून साठ हजारांच्या आत सांगितलं, ब्रेक धरून.

आणि शेवटचा, ज्यावर कुणी बोलायला तयार नव्हतं: घाण्यांचा आकडा. अण्णा म्हणाले, “आकडा कमी केला तर ड्रायर रिकामा बसंल, मागावर सूत जाणार नाही.” हे खरं होतं. मग पुन्हा तोच हिशेब. ब्रेक धरला, टोपली मिनिटात थांबली, तर घाणा १७ मिनिटांचा. ४५० भागिले १७ म्हणजे २६. फरक दोन घाण्यांचा. दोन घाण्यांसाठी आपण किती वाद घालतोय, हे फळ्यावर दिसल्यावर अण्णाच हसले.

जोखीम ठरवायच्या तक्त्यावरूनही एक वाद झाला. शक्यता एक ते पाच, परिणाम एक ते पाच, गुणाकार. गटानं शक्यतेला दोन दिले, ‘एवढ्या वर्षांत एकदाच झालं’ म्हणून. मी म्हटलं, दोन पाळ्यांत ५६ वेळा फिरत्या टोपलीत हात जातो, वर्षाला सोळा-सतरा हजार वेळा. हे सगळं आपण नशिबाच्या खात्यात टाकतोय. शक्यता चारवर गेली. हा तक्ता उपयोगी आहे, पण त्यात आकडा भरणारा माणूस काय पाहून भरतो यावर सगळं आहे.

काय केलं

मशीन चौथ्या दिवशी बंद केलं. ऑर्डर होती, म्हणून लडी दुसऱ्या डाइंगवाल्याकडून पाणी काढून आणल्या, टेम्पोनं, पाच दिवस. हा खर्च अण्णांना ब्रेकपेक्षा जास्त बोचला.

लायनिंग बसलं, ब्रेकचा पट्टा आणि पेडल नीट केलं. टोपली पन्नास सेकंदांत थांबू लागली. टोपलीवर सुरक्षित वेगाचा आकडा रंगवून घेतला, मराठीत. १९४८ च्या कायद्याचं कलम ३० फिरत्या टोपल्यांचा वेग मर्यादेत ठेवायला सांगत होतं, पण आमच्या मशीनवरचा, ते बनवणाऱ्या कंपनीचा पत्रा कधीच गळून पडला होता. ज्या कंपनीचं मशीन होतं तिच्याकडून आकडा मागवला.

कुलपाची चाचणी मात्र लक्षात राहण्यासारखी झाली. फॅब्रिकेटर मोठ्या उत्साहात आला. मशीन चालू केलं, झाकण हलवून दाखवलं, हलेना. मोटर बंद, टोपली थांबली, ‘खट्’ आवाज, झाकण उघडलं. टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या. मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, आता मशीन पूर्ण वेगात आणा आणि मेन पाडा.

मेन पाडली. दिवे गेले, पंखे गेले. टोपली अंधारात घोंघावत होती. आणि त्या आवाजात ‘खट्’ झालं. खिट्टी सुटली. मास्तरांनी एका बोटानं झाकण उचललं. खाली नऊशे फेऱ्यांची टोपली.

फॅब्रिकेटरनं जे बसवलं होतं ते वीज असेपर्यंत धरून ठेवणारं कुलूप होतं. वीज गेली की सुटायचं. स्वस्त पडतं, दारांना वापरतात. आपल्याला हवं होतं उलटं: स्प्रिंगनं कायम बंद आणि वीज मिळाली तरच उघडणारं. सोलापुरात उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वीज गेल्यावर, पंखा बंद पडल्यावर, घामानं चिंब माणूस सगळ्यात आधी काय करणार? झाकण उघडून घाणा काढायला बघणार. आठ दिवस आणखी गेले, कुलूप बदललं. वीज नसताना उघडायची वेळ आलीच तर किल्ली एकच, मास्तरांकडं, आणि टोपली थांबलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती लावायची नाही.

जुना लिमिट स्विचही नवा बसवला, वाफ न शिरणाऱ्या डब्यात. पॅनेलच्या दाराच्या आत एक वही टांगली. काहीही डायरेक्ट केलं तर तारीख, कारण, कुणी केलं आणि कधीपर्यंत काढायचं. पहिल्या पानावर इलेक्ट्रिशियननं स्वतःहून तीन वर्षांपूर्वीची नोंद लिहिली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गमछ्याचा प्रश्न जरा नाजूक. एप्रिलमध्ये डाइंगमध्ये गमछा काढा म्हणणं म्हणजे छत्री न घेता पावसात जा म्हणणं. शेवटी हायड्रोच्या मागं भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला, आणि गमछा डोक्याला घट्ट बांधायचा, गळ्यात नाही, हे हायड्रोवाल्यांनीच ठरवलं. पैशाचं गणितही बदललं. जादा घाण्याचे पैसे बंद करून तेवढी सरासरी रक्कम रोजात मिळवली. यावर दोन पाळ्यांत तीन बैठका झाल्या, कारण कुणाला वाटलं आपला एक रुपया कमी होतोय. वहीतले मागच्या सहा महिन्यांचे आकडे सगळ्यांसमोर वाचून रक्कम ठरवली तेव्हाच ते मिटलं.

काय निष्पन्न झालं

मशीन मे महिन्यात पुन्हा चालू झालं. पाळीला २५ ते २६ घाणे. मागांना सूत कमी पडलं नाही. दोन घाण्यांची तूट ड्रायरवाल्यांनी लडी वेगळ्या लावून भरून काढली, त्यात माझा काहीच हात नाही.

जखमी माणूस साडेतीन महिन्यांनी परत आला. मनगट पूर्ण वळत नाही. वैद्यकीय मंडळानं अपंगत्वाचा टक्का ठरवला, लाभ सुरू झाला. त्याला हायड्रोवर परत जायचं नव्हतं, आता तो रंगाच्या खोलीत वजनं करतो. एकदा भेटला तेव्हा मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं ब्रेक गेलाय म्हणून. “सांगितलो की साहेब,” तो म्हणाला. “दिवाळीच्या आधी. मुकादमाला. ‘बघू’ म्हणाला.” मुकादमालाही ते आठवत होतं. त्याच्याकडं त्या आठवड्यात अशा चौदा गोष्टी आल्या होत्या आणि लिहायला काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

आता माझा हिस्सा. आठ महिन्यांपूर्वीच्या माझ्या पाहणीच्या कागदावर हायड्रोपुढं लिहिलंय: ‘झाकण आहे. बंद. ठीक.’ खाली माझी सही. मी ते मशीन दुपारी एकच्या सुमाराला पाहिलं होतं. जेवणाची सुट्टी होती. मशीन थांबलेलं, झाकण बंद, फरशी धुतलेली. थांबलेल्या हायड्रोइतकं निरुपद्रवी यंत्र जगात नसेल. मी दहा मिनिटं थांबून एक घाणा पाहिला असता, तर ती टॉवेलची घडी दिसली असती. ती लपवून ठेवलेली नव्हती. मशीनच्या मागं खिळ्याला टांगलेली असायची, कायमची जागा ठरलेली.

दुसरं, फेब्रुवारीतली ती फाटलेली घडी. थोडक्यात वाचल्याच्या घटना लिहून ठेवा असं सगळे सांगतात. हर्बर्ट हाइनरिख या अमेरिकन विमा अधिकाऱ्यानं १९३१ मध्ये एका मोठ्या दुखापतीमागं २९ किरकोळ आणि ३०० बिनदुखापतीच्या घटना असतात असं मांडलं. त्या आकड्यांवर पुढं बराच वाद झाला आणि ते प्रत्येक कारखान्याला लागू पडतात असं मी म्हणणार नाही. पण आमच्याकडं घटना होती, पोरं हसली होती, चहा झाला होता. चहाच्या वेळी मुकादमानं एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. नंतर मुकादमाला एक छोटी वही दिली. त्यात पहिल्या महिन्यात आलं ते बहुतेक पंख्याबद्दल आणि संडासाच्या नळाबद्दल. ते सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यापासून मशीनबद्दल यायला लागलं.

तिसरं मला नंतर कळलं, आणि ते या मशीनबद्दल नाही.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्याच एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्या आठवड्यात एमआयडीसीत कुणी दुसरं काही बोलत नव्हतं. त्या आगीच्या कारणांवर मी इथं काही लिहिणार नाही. पण अण्णांनी मला फोन केला आणि यावेळी वेळ त्यांनीच सांगितली: रात्री दोन वाजता या.

गेलो. माग चालू, डाइंगची रात्रपाळी चालू. हायड्रो व्यवस्थित. मागच्या शेडचं शटर, जिथून दिवसा टेम्पो लागतो, ते बाहेरून कुलूपबंद. आतल्या बाजूला पॅकिंगच्या गाठी शटरला टेकून रचलेल्या, छातीएवढ्या उंच. माझ्या कागदावर सलग चार पाहण्यांत ‘मागचं दार: मोकळं’ असं लिहिलेलं आहे, आणि ते खोटं नाही. सकाळी अकराला ते मोकळंच असतं. डाइंगमध्ये रात्री सात माणसं होती. त्यांना बाहेर पडायला एकच वाट, मागांच्या मधून, जिथं तूस उडत असतो आणि वर वायरी असतात.

किल्ली कुणाकडं? वॉचमनकडं. वॉचमन कुठं? पुढच्या गेटवर.

कुलूप का लावता, हे मी विचारलं नाही, अण्णांनीच सांगितलं. मागून माल जातो. दोन वर्षांपूर्वी एकदा गेलाही होता. इथं पुन्हा तोच प्रकार, कुणीतरी एका खऱ्या अडचणीवर स्वस्त उपाय केला होता. मग चोरीचीही सोय लागेल असं काहीतरी हवं होतं. शटरशेजारच्या भिंतीत माणूस जाईल एवढं लोखंडी दार काढलं, बाहेर उघडणारं, आतून ढकललं की उघडणारी आडवी दांडी, बाहेरून हँडलच नाही. दार उघडलं की पुढच्या गेटवर घंटा वाजते. समोर जमिनीवर पिवळा चौकोन रंगवला, त्यात गाठ ठेवायची नाही.

दार बसलं त्याच रात्री पावणेतीनला घंटा वाजली. वॉचमन काठी घेऊन धावला, अण्णांना फोन गेला, अण्णांनी मला उठवलं. डाइंगचे दोघं बाहेर कट्ट्यावर बसून चहा पीत होते. आत फार उकडत होतं म्हणाले.